थापांचा डाव: शेजारी तीन पानं आदळतो तेव्हा ‘खोटं’ म्हणायचं का सोडायचं? (गणितवाल्यांनी मदत करा)

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मंडळी प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडं शनिवारी रात्री सगळी भावंडं गच्चीवर जमतात, आधी रमी नाहीतर मेंढीकोट चालायचं, हल्ली नवीन खूळ शिरलंय. तो २०२४ ला ‘लायर्स बार’ म्हणून कंप्युटरवर गेम आला बघा, थाप पकडली गेली की रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावायचं आणि चाप ओढायचा, त्याचंच घरगुती रूप आत्तेबहिणीनं काढलंय. रिव्हॉल्व्हरच्या जागी चिठ्ठ्या, कारण आजी मधेच वर येते.

नियम असे. दोन कॅट एकत्र करून त्यातनं ६ एक्के, ६ राजे, ६ राण्या आणि २ जोकर घ्यायचे, २० पानं झाली. चार भिडू, प्रत्येकाला पाच. मग एक पान जाहीर करायचं, समजा राजा. ज्याची उतारी त्यानं एक ते तीन पानं उपडी टाकायची आणि ‘हे राजे’ म्हणायचं, जोकर कशालाही चालतो. त्याच्या पुढचा भिडू (फक्त पुढचाच, बाकीच्यांनी तोंड बंद) एकतर मानतो आणि आपली पानं टाकतो, नाहीतर ‘खोटं!’ म्हणून उघडतो. एक जरी पान भलतं निघालं तर टाकणाऱ्याला शिक्षा, सगळी खरी निघाली तर उघडणाऱ्याला. शिक्षा म्हणजे प्रत्येकापुढं आपापला एक डबा, त्यात घडी घातलेल्या सहा चिठ्ठ्या, एकीवर फुली. एक काढायची. कोरी आली तर वाचला, ती चिठ्ठी बाहेरच राहते. फुली आली की बाद. मग परत पिसून नवा डाव, शेवटी उरेल त्याला बाकीच्यांनी खासबागेजवळ भेळ चारायची.

आता भांडण. दादा म्हणतो चिठ्ठी कितवी का असेना फुलीचा चान्स सहात एकच, ताई म्हणते दर चिठ्ठीला वाढत जातो, दोघंही मागं हटंनात, परवा तर त्यावरनं डावच अर्धवट राहिला. ते एक झालं. पण माझा खरा प्रश्न मामेभावाचा आहे. तो माझ्या आधी बसतो आणि उतारी आली की पहिल्या झटक्यात तीन पानं आदळतो, ‘तीन राजे’, आणि चेहरा असा दगडासारखा की काही म्हणजे काही कळत नाही. माझ्या हातात बहुतेक वेळा दोन राजे असतात. उघडू का सोडू? आणि माझ्या डब्यात दोनच चिठ्ठ्या राहिल्या असतील तर उत्तर बदलतं का?

---

स्टॅट्सच्या_काकू

आधी चिठ्ठ्यांचं मिटवू. दादा आणि ताई दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, म्हणून भांडण मिटत नाहीये.

खेळ सुरू व्हायच्या आधी विचारलं की माझी फुली चौथ्या चिठ्ठीला निघायचा चान्स किती, तर सहात एक. पहिलीलाही तेवढाच आणि सहावीलाही तेवढाच, कारण फुली सहातल्या कुठल्याही जागी असू शकते. इथवर दादा बरोबर. पण तीन कोऱ्या काढून झाल्यावर डब्यात तीनच राहतात आणि फुली त्या तिघींतच असणार, मग चौथीला तीनात एक, पाचवीला दोनात एक, आणि सहावी तर उघडून बघायचीसुद्धा गरज नाही. खेळताना मागचं सगळं आपल्या डोळ्यासमोर घडलेलं असतं, त्यामुळं निर्णय घ्यायला ताईचाच आकडा कामाचा. सरासरी साडेतीन चिठ्ठ्यांत माणूस बाद होतो. दादाला कायम सहात एकच हवं असेल तर कोरी चिठ्ठी परत घडी घालून डब्यात टाका आणि डबा हलवा. तसं केलं तर सरासरी सहा चिठ्ठ्या लागतील आणि सहा वेळा काढूनही जिवंत असलेला साधारण तीनातला एक जण निघेल. खेळ पहाटेपर्यंत चालेल एवढं बघा.

आता पानं. राजा जाहीर झाला की वीसात आठ पानं ‘खरी’, सहा राजे आणि दोन जोकर. तुझ्याकडं दोन खरी आहेत, म्हणजे तुला न दिसणाऱ्या १५ पानांत सहा खरी राहिली. त्या पंधरातली कुठलीतरी पाच मामेभावाकडं. पंधरातनं पाच निवडायचे ३००३ प्रकार होतात, त्यात तीन किंवा जास्त खरी पानं असलेले प्रकार ८६१. म्हणजे त्याच्या हातात तीन राजे असण्याचा चान्स २८.७ टक्के. तुझ्या हातात एकही खरं नसेल तर हाच आकडा ५७ होतो, एक असेल तर ४३, तीन असतील तर १७, चार असतील तर आठसुद्धा नाही. हे पाच आकडे पाठ कर, बाकी सगळं यावरनंच निघतं.

बरेच लोक इथंच थांबतात. २९ टक्के खरं, म्हणजे ७१ टक्के खोटं, उघड! असं होत नाही रे. ते ७१ टक्के म्हणजे त्याच्याकडं तीन राजे नसण्याचा चान्स आहे, आणि नसताना तो दरवेळी तीन पानं टाकतोच असं कुठंय? एक हजार डाव धर. २८७ डावांत त्याच्याकडं तीन आहेत आणि तो ती टाकतो. ७१३ डावांत नाहीत. त्यातल्या पाचात एका वेळी तो थाप मारतो असं समज, म्हणजे साधारण १४३ वेळा. तर तीन पानं पडलेली तुला ४३० वेळा दिसणार आणि त्यातली २८७ वेळा खरी, म्हणजे तीनात दोनदा तो खरं बोलतोय! तोच जर दुबळ्या हातावर (म्हणजे तीन खरी नसताना) दर दोनातनं एकदा थाप मारणारा असेल तर खरेपणा ४५ टक्क्यांवर येतो.

सीमारेषा काढली तर अशी येते: तुझ्याकडं दोन खरी असतील आणि तो दुबळ्या हातांपैकी ४० टक्क्यांहून जास्त हातांवर तीन पानं टाकत असेल तर खोट्याकडं पारडं झुकतं. तुझ्याकडं तीन असतील तर २० टक्के थापासुद्धा पुरतात. एकच असेल तर त्याला जवळजवळ ७५ टक्के वेळा थापा मारायला लागतील तेव्हा कुठं उघडणं बरं. म्हणून पुढच्या दोन-तीन शनिवारी तो कधी उघडा पडतो आणि कधी नाही ते लिहून ठेव. त्याच्या चेहऱ्याकडं बघू नकोस, वहीकडं बघ.

---

पेठेतला_भिडू

काकूंचं गणित एकदम काटा किर्र. पण भावा मी बी ह्यो खेळ तालमीच्या पोरांबर खेळलोय आणि सांगतो, लोकं तीन पानांची थाप लई कमी मारत्यात. भित्यात. तीन पानं पडली की समोरच्याचं डोळं मोठं हुत्यात, कोण तरी उघडतंयच. खरा लबाड असतोय त्यो एकच पान हळूच सारतोय आणि दुसरीकडं बघत भेळंचं इचारतोय. एका पानाला कोण खोटं म्हणत न्हाई म्हणून पहिल्याच फेरीत कचरा पान काढून टाकायचं, राजं हातात राखून ठेवायचं, आणि शेवटाला जवा सगळी टपून बसल्यात तवा खरं राजं टाकायचं. समोरचा उघडतोय आणि चिठ्ठी त्यालाच. खासबागेत पैलवान पट काढल्यासारखं दावतोय आणि वरनं ढाक मारतोय, तसलाच विषय.

दुसरं, पडलेली पानं मोज की! निस्तं शेजाऱ्याकडं काय बघालायस. समज पहिल्यानं तीन राजं म्हटलं, दुसऱ्यानं तीन म्हटलं आणि तुझ्या हातात तीन हाईत, झालं की नऊ, आणि खरी पानं तर आठच. म्हंजे दोघातला एक तरी शंभर टक्के खोटा. फक्त घोळ असा हाय की तुला उघडता येतंय ते दुसऱ्यालाच. पहिला खोटं बोलून पार निसटलेला असतोय आणि दुसरा बिचारा खरा निघाला की चिठ्ठी तुला. त्यामुळं नऊ झालं म्हणून उड्या मारायच्या न्हाईत, आधी इचार करायचा की दोघात थापाड्या कोण.

आणि बसायच्या जागा बदला दर डावाला. एकाच माणसामागं कायम बसलं की त्याची सवय तुला कळती आणि तुझी तुझ्या पुढच्याला. नाद करायचा तर सगळ्यांनी बरोबरीत.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

काकू, भिडूदादा, लई आभार. दादाला चिठ्ठीचं वाचून दाखवलं, तो म्हणतो ‘म्हणजे मी बरोबरच होतो’, आता काय बोलायचं.

पण भिडूदादा म्हणतायत तसं एका पानाची थाप जास्त असेल तर मग मी एका पानाला उघडायला सुरू करू काय? आणि अजून एक, दोघंच उरल्यावर १० पानं कुणाच्याच हातात नसतात, बाजूला पडलेली असतात, तेव्हा काकूंचे ते पाच आकडे बदलतात ना?

---

स्टॅट्सच्या_काकू

दुसऱ्याचं आधी, कारण ते सोपं आहे आणि सगळ्यांना उलटं वाटतं. नाही बदलत. तुला न दिसणारी पानं तेव्हाही १५ आणि आताही १५. त्यातली पाच मामेभावाकडं, उरलेली दहा कुणाच्या हातात आहेत का सतरंजीवर पडलीयत याच्याशी तुझ्या अंदाजाला काही देणंघेणं नाही. पहिल्या बोलीपुरते आकडे तेच. फरक पडतो तो पुढं, कारण चौघं असताना मधले भिडू काय बोलले त्यावरनं थोडी माहिती मिळते, दोघांत ती मिळत नाही. भिडू म्हणतायत ती आठाची मोजणीही दोघांत फारशी उपयोगी नाही, दहा पानांत आठाच्या वर आकडा जायला वेळच लागतो.

एका पानाचं. तुझ्याकडं दोन खरी असताना मामेभावाकडं एकही खरं नसायचा चान्स ४.२ टक्के. इतका कमी, की त्याला नाइलाजानं थाप मारायला लागली असं जवळजवळ कधीच नसतं. एकूणही बघ, पाच पानांच्या हातात एकही खरं पान नसणं हे वीस डावांत एकदा घडतं, आणि सगळ्यात जास्त वेळा (४० टक्के) हातात दोन खरी असतात. तेव्हा एका पानाची थाप ही मुद्दाम मारलेली थाप असते, हात रिकामा म्हणून मारलेली नसते. ती पकडायला पानांचं गणित तोकडं पडतं, तिथं भिडूंसारख्यांचा अनुभवच लागतो. आणि हो, मी मघाशी धरलं की तीन असली की तो तीन टाकतोच. भिडूंसारखा राखून ठेवणारा असेल तर तीन पानं पडल्यावर ती खोटी असायचा चान्स माझ्या आकड्यांपेक्षा जास्त, हे लक्षात घे.

---

हिंजवडीत_अडकलेला_कोल्हापूरकर

मस्त धागा. डब्यातल्या चिठ्ठ्यांच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितोय, ऑफिसात मीटिंग चालू आहे, कॅमेरा बंद आहे.

समज तुम्ही दोघंच उरलाय. उघडल्यावर दोनच गोष्टी होऊ शकतात. तो खोटा निघाला तर त्याला त्याच्या डब्यातला धोका, खरा निघाला तर तुला तुझ्या डब्यातला. दोघांचे डबे सारखे भरलेले असतील तर त्याच्या खोटेपणाचा अंदाज ५० टक्क्यांच्या वर गेला की उघडायचं, सोपं. पण तुझ्या डब्यात दोन चिठ्ठ्या (धोका १/२) आणि त्याच्या डब्यात सहाच्या सहा (धोका १/६) असतील तर? तुझा धोका भागिले दोघांच्या धोक्यांची बेरीज, म्हणजे १/२ भागिले २/३, उत्तर ३/४. तो ७५ टक्के खोटा आहे अशी खात्री असल्याशिवाय उघडण्यात राम नाही. आता हे काकूंच्या आकड्याला जोड. तुझ्याकडं दोन राजे असताना तो प्रत्येक दुबळ्या हातावर थाप मारत असला तरी खोटेपणा ७१ टक्केच होतो. ७५ ला पोचतच नाही! म्हणजे तुझे दोन राजे, तुझ्या दोन चिठ्ठ्या, त्याचा डबा भरलेला, या परिस्थितीत तीन पानांना उघडायचंच नाही, तो कितीही लबाड असू दे. उलट त्याच्या डब्यात दोन आणि तुझ्या डब्यात सहा असतील तर २५ टक्के संशय पुरतो, म्हणजे तो दुबळ्या हातांवर सातआठात एकदा जरी थाप मारणारा असेल तरी बिनधास्त उघड.

आणि हे त्यालाही कळतं ही खरी गंमत. ज्याचा डबा रिकामा होत आलाय त्याच्यापुढं थापा मारायला जास्त वाव, कारण तो उघडायला घाबरतो आणि त्याचं घाबरणं बरोबरच असतं.

आता जरा पाल्हाळ. थापा मारणं ही स्वभावाची गोष्ट नाही, गणितातनंच निघते. हॅरोल्ड कुन यांनी १९५० मध्ये तीनच पानांचा पोकर मांडला, गुलाम राणी राजा, दोन भिडू, एकेक पान. त्यात पहिल्या भिडूची सगळ्यात पक्की चाल अशी निघते की राजा असताना जितक्या प्रमाणात बोली लावशील त्याच्या एक तृतीयांश प्रमाणात गुलाम असतानाही लाव, म्हणजे चक्क ठरवून थाप. राणीवर मात्र पहिल्यांदा बोली लावायचीच नाही. थापा शून्य केल्या तर समोरचा तुझ्या राजाला कधी पैसे देणारच नाही, फार केल्या तर दरवेळी पकडेल. दोन भिडूंच्या अशा खेळात दोघांनाही बगल देता येणार नाही असा समतोल असतोच, याचा पाया फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्येच घातला होता.

कंप्युटर हेच करतो. २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी एक पद्धत काढली, प्रोग्रॅम स्वतःशीच खेळत राहतो आणि ‘इथं वेगळं खेळलो असतो तर किती फायदा झाला असता’ याची नोंद ठेवत हळूहळू सवयी बदलतो. थाप मारायला त्याला कुणी शिकवत नाही, आपोआप शिकतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस हा पोकर खेळणारा प्रोग्रॅम २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार पट्टीच्या पोकरवाल्यांबरोबर १,२०,००० हात खेळला आणि जिंकला. तेही एकास एक खेळून. चौघं एकत्र बसले की त्या समतोलाची हमी जाते, कारण दोघांनी कळत-नकळत तिसऱ्याला घेरलं तर तुझी चाल कितीही पक्की असू दे. २०१९ चा प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर जिंकला पण ते खेळून दाखवलेलं यश, सिद्धता नव्हे. तुमच्या गच्चीवर चौघं आहेत हे विसरू नका.

---

नशीबवान_कागलकर

एवढं गणित करून शेवटी चिठ्ठीवर फुली निघायची ती निघतेच. नशिबाचा खेळ आहे हो.

---

पेठेतला_भिडू

कागलकर, चिठ्ठी नशिबाची. पण चिठ्ठीपतोर कोण जातंय ते नशिबाचं न्हाई. जास्त वेळा डब्यात हात घालणारा जास्त लवकर बाद, सरळ हिशोब.

---

गडहिंग्लजकरीण

हिंजवडीकरांच्या उत्तरात एक गोष्ट राहिलीय असं वाटतं. त्यांनी धरलंय की न उघडणं म्हणजे फुकट. पण या खेळात सोडलं की लगेच तुझीच पाळी येते, तुला काहीतरी टाकावंच लागतं, पास म्हणता येत नाही. हातात दोन राजे असतील तर ठीक, एक खरा टाकला की तू सुरक्षित, उलट पुढच्यानं उघडलं तर त्यालाच चिठ्ठी. तेव्हा त्यांचा हिशोब लागू. पण हातात पाचही कचरा असेल तर?

तेव्हा दोनच रस्ते. एक, मामेभावाला खोटं म्हण, तो खरा निघाला तर चिठ्ठी तुला. दोन, त्याचं मान आणि स्वतः थाप मार, पुढच्यानं पकडलं तर चिठ्ठी तुला. दोन्ही रस्त्यांच्या टोकाला डबा तोच. चिठ्ठ्या सहा असोत नाहीतर दोन, धोका दोन्हीकडं सारखाच गुणला जातो, म्हणून निदान स्वतःच्या जिवापुरतं बघायचं तर चिठ्ठ्यांचा आकडा हिशोबातनं चक्क उडून जातो! राहतं एवढंच: तो खरा असण्याचा चान्स जास्त का पुढच्यानं मला पकडायचा चान्स जास्त? जे कमी ते करायचं.

काकूंचेच आकडे वापरते. हातात एकही खरं नाही, म्हणजे मामेभावाकडं तीन असायचा चान्स ५७ टक्के. तो दुबळ्या हातांवर पाचात एकदा थाप मारत असेल तर पडलेली तीन पानं खरी असायचा चान्स जातो ८७ वर. उघडलं तर ८७ टक्के वेळा चिठ्ठी तुझी. तुझ्या पुढं बसलेली व्यक्ती एका पानाला दोनात एकदा उघडणारी असेल तर थाप मारल्यावर ५० टक्केच. डोळे झाकून थाप मार, एकच पान, भिडूदादा म्हणतात तसं. फक्त पुढं बसलेली ताई दहात नऊ वेळा उघडणारी असेल तरच मामेभावाला उघडणं थोडं बरं.

यातनं एक मजेशीर गोष्ट निघते बघा, हात जितका वाईट तितकं दुसऱ्याला खोटं म्हणायचं कारण कमी. आपल्याकडं राजे नाहीत म्हणजे ते कुणाकडं तरी आहेत ना. पण आमच्यात तर हातात कचरा आला की लोक चिडून आधी शेजाऱ्यालाच उघडतात, हमखास.

---

हिंजवडीत_अडकलेला_कोल्हापूरकर

बरोबर पकडलंत. एक भर फक्त: दोघंच उरले असतील तर उघडण्यात एक जास्तीचा फायदा असतो, तो खोटा निघाला तर त्याला चिठ्ठी लागते, थाप मारून निसटण्यात ते नाही. म्हणून दोघांत त्याचा डबा रिकामा होत आला असेल तर पारडं परत थोडं उघडण्याकडं. चौघं असताना तुमचाच हिशोब चालवायचा, दुसऱ्याच्या बाद होण्याचा फायदा तिघांत वाटला जातो, स्वतः बाद झालं की सगळंच गेलं.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मामेभाऊ हा धागा वाचतोय असं आत्ताच कळलं 😂 आता तो या शनिवारी काय करणार देव जाणे.

---

मामेभाऊ_स्वतः

तीन राजे.

---

पेठेतला_भिडू

😂😂 नाद खुळा! आता काकूंचा तक्ता घ्या आणि बसा.

---

स्टॅट्सच्या_काकू

मामेभाऊ वाचत असेल तर त्यालाही सांगते, थापा ‘अधूनमधून’ मारायच्या ठरवल्या की माणूस नकळत एकसारख्या अंतरानं मारतो. एकदा पकडला गेला की पुढचे दोन डाव शहाण्यासारखा वागतो, मग परत. हे शेजाऱ्याला पटकन कळतं. घड्याळाच्या सेकंद काट्याकडं बघायचं, काटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर थाप, नाहीतर नाही. तीनात एकदा होतं आणि स्वतःलाही आधी कळत नाही.

पैसे मात्र लावू नका रे पोरांनो, १८८७ चा जुगाराचा कायदा अजून आहे. भेळेवरच राहू द्या.

---

गडहिंग्लजकरीण

सेकंद काटा!! हे मी ढापणार.

एक शंका, आमच्याकडं पाचवा भिडू येणार आहे दिवाळीत. २५ पानं कशी करायची? ६-६-६ वर सात जोकर घेतले तर काही अर्थच राहणार नाही.

---

स्टॅट्सच्या_काकू

दोन पर्याय आहेत. दोन कॅटमधले सगळे आठ राजे, आठ राण्या, आठ एक्के आणि एकच जोकर घेतला की बरोबर २५. खरी पानं नऊ, म्हणजे ३६ टक्के, चौघांच्या ४० पेक्षा कमी. एकही खरं पान नसलेला हात आठ टक्के वेळा येईल, आत्ता पाच टक्के वेळा येतो. थापा वाढतील. दुसरा, सात-सात-सात आणि चार जोकर, तेही २५. त्यात खरी ११, म्हणजे ४४ टक्के, आणि पूर्ण रिकामा हात चार टक्क्यांच्याही आत. पहिल्यांदा खेळणारा कुणी असेल तर दुसरा घ्या, त्याला निदान खरं बोलायला काहीतरी मिळेल. भिडूंसारखे पाच जमले तर पहिला. आणि आठाची मोजणी करणाऱ्यांनो, पहिल्यात ती नऊवर जाईल आणि दुसऱ्यात अकरावर, जुन्या सवयीनं आठवरच ओरडू नका.

---

पेठेतला_भिडू

काकू तुम्ही एकदा पेठेत या खेळायला. उतारी तुमची.